कॉलेजची फी आणि बँकेचं कर्ज: वाचकांचे प्रश्न

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू झाल्या की या सदराच्या टपालात दुसरा विषय दिसत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली ही काही पत्रं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही वाचकांनी पत्रासोबत आधार आणि पॅनच्या झेरॉक्स पाठवल्या आहेत. कृपया तसं करू नका. उत्तर द्यायला त्यांची गरज नसते आणि असे कागद कुणाकडेही पाठवू नयेत.

प्रश्न: मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय. सरकारी शैक्षणिक कर्ज घ्यायचं आहे. तहसील कार्यालयात विचारलं तर म्हणाले बँकेत जा, बँकेत म्हणाले पोर्टलवर जा. नक्की कर्ज देतं कोण? — एक पालक, कळवा

उत्तर: दोघांनीही अर्धं खरं सांगितलं. मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक महामंडळांच्या काही योजना सोडल्या तर कॉलेजच्या फीसाठी सरकार स्वतः कर्ज देत नाही. पैसे बँकेचे असतात. सरकार दोन कामं करतं: बँकेला हमी देतं आणि ठरावीक विद्यार्थ्यांचं शिकत असतानाच्या काळातलं व्याज पूर्ण किंवा थोडं भरतं. त्यामुळे बँकेत जाऊन ‘सरकारी कर्ज पाहिजे’ म्हटलं की समोरचा गोंधळतो. ‘शैक्षणिक कर्ज पाहिजे आणि अमुक योजनेची व्याज सवलत पाहिजे’ असं म्हणा, बोलणं लगेच मार्गी लागतं.

त्या योजना अशा. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे आणि मुलगा किंवा मुलगी तांत्रिक अथवा व्यावसायिक अभ्यासक्रमाला आहे, त्यांच्यासाठी २००९-१० पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. बँकेत तिला सीएसआयएस म्हणतात. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष, एवढ्या मुदतीचं सगळं व्याज सरकार भरतं. दुसरी पीएम विद्यालक्ष्मी. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. तिच्यात तारण नाही, जामीनदार नाही. पण ती कॉलेज बघून मिळते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या संस्था, १०१ ते २०० मधल्या राज्य सरकारी संस्था आणि केंद्र सरकारच्या सगळ्या संस्था, एवढ्यांचीच यादी आहे. सुरुवात ८६० संस्थांपासून झाली. या यादीतल्या कॉलेजला प्रवेश असेल, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी कुठली सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर त्याच काळापुरती व्याजात ३ टक्के सूट मिळते. ही सूट वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच मिळते आणि त्यात सरकारी संस्थांत तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांना प्राधान्य आहे.

तेव्हा ‘पीएम विद्यालक्ष्मीतून सगळ्यांना बिनतारण कर्ज’ असे जे व्हिडिओ फिरतात ते अर्धवट आहेत. ठाणे-नवी मुंबईतली बरीच खासगी कॉलेजं त्या यादीत सापडणार नाहीत. पवईच्या आयआयटीत प्रवेश असेल तर प्रश्नच नाही, बाकीच्यांनी आधी यादी उघडून कॉलेजचं पूर्ण, अधिकृत नाव शोधावं. नसेल तरी बिघडत नाही. बँकांची नेहमीची शैक्षणिक कर्ज योजना सगळ्यांना खुली आहे आणि साडेचार लाखांच्या आतल्यांना, पुढे सांगितलेली मान्यतेची अट पुरी होत असेल तर, सीएसआयएस आहेच.

पोर्टलची नावंही घोटाळ्यात टाकतात. ‘विद्यालक्ष्मी’ हे २०१५ चं जुनं पोर्टल. त्यावर एकच अर्ज भरून तीन बँकांपर्यंत पाठवता येतो. ‘पीएम विद्यालक्ष्मी’चं पोर्टल वेगळं, पत्ताही वेगळा. अर्ज भरण्याआधी आपण कुठल्या दारात उभे आहोत ते बघून घ्या. पोर्टल कुठलंही असलं तरी निर्णय बँकेची शाखाच घेते. अर्ज पाठवल्यावर दोन-तीन दिवसांत शाखेत जाऊन अर्ज क्रमांक दाखवला नाही, तर तो तिथे नुसता पडून राहतो.

प्रश्न: उत्पन्नाचा दाखला मार्चमध्ये काढून ठेवला होता. आता बँक म्हणते चालणार नाही. शिवाय आम्ही खारघरला राहतो, नातेवाईक म्हणतात दाखला ठाण्याचा लागेल. — खारघर

उत्तर: दाखल्यावर खाली बघा, ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असेल. मार्चमध्ये घेतलेला दाखला तेव्हा काही दिवसांचाच पाहुणा होता. प्रवेशासाठीचा दाखला एप्रिल उजाडल्यावर, आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा काढायचा.

आणि ठाण्याला जाऊ नका. नवी मुंबई म्हणून आपण ज्याला एकच शहर समजतो ते दोन जिल्ह्यांत आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. ऑनलाइन अर्ज करताना राज्याच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर जिल्हा चुकीचा निवडला की अर्ज भलत्याच तहसीलदारांकडे जातो आणि ‘कार्यक्षेत्रात नाही’ म्हणून परत येतो. तोपर्यंत आठवडा गेलेला असतो.

नोकरदारांना एक सांगायचं राहतं. फॉर्म १६ किंवा पगारपत्रक बँक मागते ते हप्ता भरण्याची ऐपत बघायला. व्याज सवलतीसाठी लागतो तो तहसीलदारांचा दाखला. एक असला म्हणून दुसरा टळत नाही. दाखल्यात आई आणि वडील दोघांचं, सगळ्या मार्गांनी येणारं उत्पन्न धरतात. आई शिकवण्या घेत असेल तर तेही त्यात आलं. सीएसआयएससाठी कर्ज मंजूर होतानाच दाखला बँकेत जमा करून पोच घ्या. ‘नंतर देऊ’ म्हणून राहिलेला दाखला तिसऱ्या वर्षी आठवतो आणि तोवर मधल्या वर्षांचं व्याज खात्यावर चढून बसलेलं असतं.

प्रश्न: वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी आहेत. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. कॉलेज खासगी आहे. सीएसआयएस मिळेल का? बँक म्हणते, तुमच्या कॉलेजला नाही. — कोपरखैरणे

उत्तर: कॉलेज खासगी आहे म्हणून सीएसआयएस नाकारता येत नाही. नॅक आणि एनबीए या शिक्षणाचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या दोन संस्था. नॅकचं मानांकन असलेली संस्था, किंवा एनबीएची मान्यता असलेला अभ्यासक्रम, यांपैकी एक हवं. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. नॅक संपूर्ण संस्थेला मिळतं. एनबीए एकेका शाखेला मिळतं आणि ठरावीक वर्षांपुरतं मिळतं. त्यामुळे एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शाखेला एनबीए आहे आणि नव्याने सुरू झालेल्या शाखेला नाही, असं सर्रास दिसतं. कॉलेजच्या कार्यालयातून चालू मुदतीच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या, मुदत संपल्याची तारीख वाचा, मग बँकेत दाखवा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर छापलेलं ‘मान्यताप्राप्त’ हे कशाची मान्यता ते सांगत नाही. ते धरून बसू नका.

वडिलांच्या उत्पन्नाबद्दल बँक विचारेल. माथाडी मंडळाकडून मिळणारी वेतनाची नोंद आणि ज्या खात्यात मजुरी जमा होते त्याचा सहा महिन्यांचा उतारा, हे दोन कागद पगारपत्रकाचं काम करतात. रिक्षा, टपरी किंवा घरगुती डबे असा रोखीचा धंदा असणाऱ्यांना हाच कागद नसतो. त्यांनी निदान सहा महिने आधीपासून रोजची कमाई खात्यात भरायला सुरुवात करावी. तहसीलदारांचा दाखला, खात्याचा उतारा आणि भरलं असेल तर आयकर विवरणपत्र, या तिघांत आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. दाखल्यात अडीच लाख आणि खात्यात वर्षाला सात लाख आले असतील, तर व्याज सवलत दूरच, कर्जही अडकतं.

प्रश्न: मुलगी ओबीसी, उत्पन्न सहा लाख, कॅपमधून फार्मसीला. चार वर्षांची सगळी फी कर्जात घालावी का? — एक आई, वर्तकनगर

उत्तर: नको. आधी महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल, मग बँक. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून असावा आणि कॉलेज अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठाचं नसावं. नवी मुंबईत अभिमत विद्यापीठं बरीच आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगतो: तिथला प्रवेश असेल तर ही माफी नाही. संस्थास्तरावरच्या कोट्यातल्या प्रवेशालाही नाही.

आता फीच्या तक्त्याकडे नीट बघा. त्यात ‘शिक्षण शुल्क’ आणि ‘विकास शुल्क’ असे दोन रकाने असतात. माफी पहिल्याची आहे, दुसऱ्याची नाही. विकास शुल्क, पुस्तकं, लॅपटॉप आणि हॉस्टेल असेल तर त्याचा खर्च एवढ्यापुरतंच कर्ज घ्या. बँक कॉलेजच्या तक्त्यातली सगळी रक्कम मंजूर करायला तयार असते, पण मंजूर रक्कम सगळी उचलायलाच पाहिजे असं नाही. उचलाल तेवढ्यावरच व्याज लागतं.

उलट बाजूही आहे. महाडीबीटीचा लाभ घेतला की पीएम विद्यालक्ष्मीची ३ टक्के सूट मिळत नाही. हिशोब केला तर माफीचं पारडं नेहमीच जड निघतं, त्यामुळे दोन्ही हातात ठेवायचा मोह सोडा. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे. तिच्यात हप्ते वेळेवर भरल्यावर व्याजाचा भाग परत येतो. त्यासाठी बँकेची मंजुरी येण्याआधी महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा, नंतर नको.

मुलगा असेल आणि खुल्या प्रवर्गातला असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांच्या मर्यादेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. कर्जातून पूर्ण फी भरली गेली आणि नंतर शिष्यवृत्ती खात्यात आली, तर ती त्याच आठवड्यात कर्जखात्यात भरा. बचत खात्यात आली की ती फोन घेण्यात जाते.

प्रश्न: साडेसहा लाखांचं कर्ज. शाखेत सांगितलं की घर तारण द्या नाहीतर तेवढ्याची ठेव ठेवा. आमचं घर गावठाणात आहे. — घणसोली

उत्तर: साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचं संरक्षण आहे. कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई बँकेला तिथून मिळते. त्या बदल्यात बँकेने तारण किंवा तिसरा जामीनदार मागायचा नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, बस्स. साडेसहा लाखांना तारण मागणं म्हणजे बँकेने स्वतःची जादा सोय बघणं झालं. चार लाखांच्या वर मात्र भारतातल्या शिक्षणासाठी ५ टक्के वाटा आपला असतो. बँकेच्या भाषेत मार्जिन. शिष्यवृत्तीची रक्कमही त्यात धरता येते.

तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. पोर्टलवरून अर्ज करा, म्हणजे नकारही नोंदला जातो. शाखेला लेखी कारण मागा. ‘तुम्ही आमच्या सेवाक्षेत्रात राहत नाही’ हे कारण असेल तर ते चालत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना तसं बजावलं आहे. मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेल. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. तिला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. ईमेलमध्ये अर्ज क्रमांक, शाखेत गेलेल्या तारखा आणि मागितलेलं तारण, एवढंच लिहा. दोन पानी कैफियत कुणी वाचत नाही.

रक्कम साडेसातच्या वर गेली तर मात्र बहुतेक बँका तारण मागतात आणि तिथे गावठाणातल्या घराची अडचण खरी आहे. गरजेपोटी बांधलेल्या घरांना बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र नसतं, म्हणून बँकेचा वकील ती नाकारतो. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवरचा फ्लॅट असेल तर सोसायटीच्या ना हरकतीबरोबर सिडकोचीही ना हरकत मागतात. हे कागद गोळा व्हायला फीच्या तारखेपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यापेक्षा विमा पॉलिसी, मुदत ठेव किंवा राष्ट्रीय बचत पत्रं बँकेकडे गहाण ठेवणं सोपं जातं.

प्रश्न: वडिलांचा सिबिल स्कोअर खराब म्हणून अर्ज नाकारला. कर्ज मुलीला हवंय, वडिलांना नाही! — दिवा

उत्तर: तक्रार रास्त आहे, पण सिबिल स्कोअर म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचे गुण, आणि सहकर्जदार वडील असल्याने बँक त्यांचा अहवाल बघतेच. तो अहवाल आधी तुम्ही बघा. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. बहुतेक वेळा दोष एकाच ओळीत सापडतो: जुन्या क्रेडिट कार्डापुढे ‘सेटल्ड’. म्हणजे थोडी रक्कम भरून तडजोड केली, बाकी बँकेने सोडली. आपल्याला वाटतं विषय मिटला, अहवालात तो डाग म्हणून राहतो. उरलेली रक्कम भरून ‘थकबाकी नाही’ असं पत्र घ्या आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घ्या. नोंदच चुकीची असेल तर ऑनलाइन हरकत घ्या. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

एवढा वेळ नसेल तर आईला सहकर्जदार करा. आईच्या नावावर कधीच कर्ज नव्हतं म्हणून स्कोअर उणे एक दिसला, तर घाबरू नका. त्याचा अर्थ इतिहास नाही, खराब इतिहास नव्हे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नुसत्या कमी स्कोअरवरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये असं म्हटलं आहे. तो निकाल महाराष्ट्रातल्या बँकेवर बंधनकारक नाही, पण लेखी अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

प्रश्न: अलॉटमेंट झाल्यावर फी भरायला मोजके दिवस आणि कर्जाला महिना. हे गणित जुळवायचं कसं? — ऐरोली

उत्तर: अलॉटमेंटनंतर धावाधाव करून ते जुळत नाही, निम्मं काम आधी उरकावं लागतं. उत्पन्नाचा दाखला, विद्यार्थी आणि सहकर्जदार दोघांचे पॅन आणि आधार, दहावी-बारावीची गुणपत्रकं, सहा महिन्यांचा खात्याचा उतारा हे सगळं सीईटीच्या निकालाआधी तयार हवं. पर्याय भरताना जी चार-पाच कॉलेजं वर आहेत त्यांच्या फीचे तक्ते उतरवून घ्या आणि शाखेत आधीच बोलून ठेवा. अलॉटमेंटच्या दिवशी मग दोनच कागद उरतात: अलॉटमेंट लेटर आणि कॉलेजचं लेटरहेडवरचं, वर्षवार फीचं पत्र. या पत्रात कॉलेजचा बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी हवा. तो नसल्यामुळे परत पाठवलेल्या अर्जांची गणती नाही.

बेटरमेंटचा, म्हणजे पुढच्या फेरीत अधिक चांगलं कॉलेज मिळण्याची वाट बघण्याचा, पर्याय घेतला असेल तर कर्जाचे पैसे उचलू नका. सीट स्वीकृतीचे हजार रुपये भरून थांबा. पुढच्या फेरीत कॉलेज बदललं की मंजुरी रद्द होऊन अर्ज नव्याने करावा लागतो, आणि पहिल्या कॉलेजात गेलेले पैसे परत यायला वेळ लागतो तो वेगळाच. सीट फ्रीझ, म्हणजे कायम, झाल्यावरच बँकेला कॉलेजचं फी मागणीचं पत्र (डिमांड लेटर) द्या.

तरीही तारीख गाठता येत नसेल तर मंजुरीपत्र कॉलेजात दाखवून पहिल्या सत्राच्या फीला मुदत मागा. बरीच कॉलेजं देतात. नातेवाइकांकडून उसने घेऊन फी भरायची वेळ आली तर त्याआधी शाखेला विचारा, ‘आम्ही भरलेल्या फीची पावती दाखवून रक्कम परत मिळेल का?’ काही बँका देतात, काही देत नाहीत. पैसे भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

प्रश्न: पोर्टल ‘नाव जुळत नाही’ म्हणून अर्जच पुढे जाऊ देत नाही. — कोपरी

उत्तर: हा आपला खास महाराष्ट्राचा घोळ. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गायब. पोर्टलवर आधारवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर भरा. गुणपत्रकाचा क्रम वेगळा असल्याने बँकेत अडत नाही. अडतं ते स्पेलिंगमधल्या फरकाने किंवा जन्मतारखेने. तो फरक असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, गुणपत्रक बदलायच्या भानगडीत पडू नका, त्याला महिने लागतात. आईचं पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल, तर सहकर्जदार करण्याआधी विवाह प्रमाणपत्र लावून पॅन बदलून घ्या.

प्रश्न: बँक म्हणते शिकत असताना काही भरू नका. शेजारी म्हणतात व्याज भरत राहा. कुणाचं ऐकावं? — घोडबंदर रोड

उत्तर: सीएसआयएस लागू असेल तर बँकेचं. नसेल तर शेजाऱ्यांचं. हिशोबच मांडू.

समजा वर्षाला दीड लाख असे चार वर्षांत सहा लाख उचलले, दर ९ टक्के. शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष यात सरळव्याज लागतं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ६७,५०० रुपये, दुसऱ्यावर ५४,०००, तिसऱ्यावर ४०,५००, चौथ्यावर २७,०००. एकूण १,८९,०००. काही न भरता थांबलात तर हप्ता सहा लाखांवर सुरू होत नाही, ७,८९,००० वर होतो. दहा वर्षांसाठी महिना सुमारे ९,९९५ रुपये.

व्याज भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिन्याला १,१२५ रुपये पडतात, दुसऱ्या वर्षी २,२५०, तिसऱ्या वर्षी ३,३७५, चौथ्या आणि त्यानंतरच्या एका वर्षी ४,५००. मग हप्ता सहा लाखांवर बसतो, सुमारे ७,६०० रुपये. महिन्याला जवळपास २,४०० रुपयांचा फरक, दहा वर्षं. आणि शिकत असताना व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. मंजुरीपत्रात ती ओळ आहे का बघा, नसेल तर विचारा. सगळं व्याज भरणं जमत नसेल तर पहिल्या दोन वर्षांचं तरी भरा, तेव्हा रक्कम लहान असते.

मुदत पंधरा वर्षांपर्यंत मिळते. ७,८९,००० च्या कर्जाला पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ८,००० वर येतो, पण एकूण फेड १४ लाख ४० हजारांच्या आसपास जाते. दहा वर्षांत ती १२ लाखांच्या जरा आत असते. लांब मुदत घ्यायला हरकत नाही, कारण बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही. पगार वाढला की जादा भरा. मात्र जादा भरताना ‘मुद्दलात जमा करा’ असं लेखी सांगा.

प्रश्न: मुलाला तिसऱ्या सत्रात केटी लागली. कर्ज बंद होईल का? — नेरूळ

उत्तर: केटीने, म्हणजे एखादा विषय राहिल्याने, कर्ज लगेच बंद होत नाही. बँक दरवर्षी गुणपत्रक मागते आणि पुढच्या फीचे पैसे कॉलेजला पाठवते. तुम्ही गुणपत्रक दाखवायचं टाळलंत की बँक पैसे थांबवते, म्हणून केटी असली तरी ते नेऊन द्या. वर्ष वाया गेलं तर अभ्यासक्रम पुरा करायला जास्तीत जास्त दोन वर्षांची वाढ मिळू शकते, पण ती मागावी लागते. न मागितल्यास मूळ तारखेनुसार हप्ता सुरू होतो आणि नोकरीही नसताना खातं थकीत दिसू लागतं. शिक्षण मध्येच सोडलं तर व्याज अनुदान बंद होतं. आजारपण हा त्याला अपवाद आहे, पण वैद्यकीय कागद हवेत.

प्रश्न: करात सूट मिळते ना? — ठाणे पूर्व

उत्तर: ८०ई म्हणून ओळखली जाणारी वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. ती फक्त व्याजावर असते, मुद्दलावर नाही. रकमेला कमाल मर्यादा नाही. व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठ वर्षं मिळते. ज्याच्या नावावर कर्ज आहे आणि जो आपल्या पैशातून व्याज भरतो त्याला ती मिळते, म्हणून सहकर्जदार वडील भरत असतील तर हप्ता त्यांच्या खात्यातून जाऊ द्या. बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र दर एप्रिलमध्ये मागून घ्या.

प्रश्न: ‘विद्यालक्ष्मी कार्यालयातून’ फोन आला, कर्ज मंजूर झालंय, साडेतीन हजार प्रोसेसिंग फी पाठवा. पाठवू का? — तुर्भे

उत्तर: नाही. पोर्टलवर अर्ज करायला पैसे लागत नाहीत आणि मंजुरी बँकेची शाखा कळवते, फोनवरचा अनोळखी माणूस नाही. पाठवून झाले असतील तर आत्ता, हे वाचता वाचताच, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.